मला ऐकू न येणारी जागा

चोपडा,
श्रावण शुद्ध दशमी

चि. हर्षल यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पाहून तुला नवल वाटेल. फोनवर बोलता आले असते, असे तू म्हणशील. परंतु फोनवर तुझे अर्धे बोलणे मला समजत नाही आणि जे समजत नाही त्याला मी "बरं, बरं" म्हणून मोकळा होतो, हे तुलाही ठाऊक आहे. रविवारी पुणे स्टेशनवर आपल्यात जे झाले, ते "बरं, बरं" म्हणून सोडून देण्यासारखे नव्हते. मी फलाटावर, तुझ्या मित्रांच्या देखत, आवाज चढवून बोललो. माझा आवाज किती चढला आहे हे मला स्वतःला कळत नाही, ही सबब खरी असली तरी पुरेशी नाही. माझे चुकले. तुझा तो ड्रम वाजवणारा मित्र माझी पिशवी हातात धरून बिचारा खाली मान घालून उभा होता, त्यालाही माझ्या वतीने दोन शब्द सांग. जळगावहून एसटीने येताना विदगावच्या पुलावर तापीचे गढूळ पाणी पाहत मी मनाशी ठरवले, की पोराला पत्र लिहायचे आणि त्यात कानांचा विषय काढायचा नाही.

तेव्हा आधी तुमच्या त्या मेटल संगीताच्या कार्यक्रमाविषयी लिहितो. तुझे वाजवणे मी घरात, माडीवरच्या खोलीतून खाली झिरपते तेवढेच ऐकले होते. समोर बसून, खरे तर उभे राहून, पहिल्यांदाच पाहिले. सुरुवातीला मी भिंतीला पाठ लावून उभा होतो. काळ्या सदऱ्यांची ती पोरे एकमेकांना खांदे मारीत गोल धावू लागली तेव्हा मला वाटले, मारामारी जुंपली. पण त्यांतला एक चष्मेवाला पाय घसरून पडला, तर क्षणात पाच-सहा जणांनी हात पसरून त्याच्याभोवती जागा केली, त्याला उठवले, एकाने चष्मा शोधून दिला आणि पुन्हा सगळे धावू लागले. आपल्याकडे लग्नाच्या पंगतीतसुद्धा इतकी काळजी कोणी कोणाची घेत नाही. तुझ्या मित्राने दोन्ही पायांनी ढोल वाजवायला घेतला तेव्हा तो आवाज मला कानाने नव्हे, बरगड्यांनी ऐकू आला. मी माझे मशीन कानातून काढून खिशात ठेवले होते, कारण त्यातून नुसती कर्कश खरखर येत होती. तरीही मला तुझे वाजवणे समजले. खोटे सांगत नाही. कापसातून सरकी वेगळी करणारे आमच्या कारखान्यातले चोवीस जिन एका दमात सुरू झाल्यावर शेडची फरशी जशी पायाखाली थरथरायची, अगदी तसेच ते होते.

तू सांगितलेली त्या गिटारवादक टोनी आयोमीची गोष्ट मला तिथेच आठवली. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात, नोकरीच्या शेवटच्या दिवशी, सतराव्या वर्षी त्या पोराच्या दोन बोटांची टोके यंत्रात गेली. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोप्या केल्या, त्यांवर चामडे चिकटवले, हलक्या तारा चढवल्या, पुढे त्या सैलही केल्या, आणि त्या सैल तारांचा जडशीळ आवाज जगभर गेला. त्याच्या ब्लॅक सॅबथ बँडची पहिली तबकडी १९७० साली निघाली. त्या साली मी दुसरीत होतो आणि आमच्या शाळेच्या मागेच जिनिंगचा भोंगा वाजायचा. हे संगीत कारखान्याच्या गावात जन्मले, हे तू मला आधी का सांगितले नाहीस? मी उगाचच इतकी वर्षे ते श्रीमंतांच्या पोरांचे खूळ समजत होतो. फिटर माणसाला ही गोष्ट लगेच पटते. यंत्राने बोट नेले, तर माणूस बोटाला टोपी करून घेतो.

कानाला मात्र टोपी करता येत नाही. पाहा, आलोच मी तिथे.

कार्यक्रम संपल्यावर आपण सगळे टपरीवर चहा पीत होतो. टपरीवाल्याने विचारले, "साखर कमी?" तू म्हणालास, "काय?" त्याने पुन्हा विचारले. तू मान वळवून उजवा कान त्याच्याकडे केलास आणि पुन्हा "हं?" म्हणालास. हर्षल, हे मान वळवणे मी ओळखतो. गेली वीस वर्षे मी तीच मान वळवीत आलो आहे. तुझ्या आईला मी घरी आल्यावर हे सांगितले, तर ती म्हणाली की तिला हे आखाजीच्या सणालाच दिसले होते. तू ओसरीवर बसला होतास, तिने स्वयंपाकघरातून तीन हाका मारल्या आणि तू आला नाहीस. तेव्हा ती मला काही बोलली नाही. आता म्हणते, "पोऱ्याबी आते तुमनागत करस." मग चुलीपुढे पाठ करून बसली आणि जेवायला बोलावीपर्यंत वळली नाही.

२०११ सालची दिवाळी तुला आठवत असेल. भाऊबीज आटोपल्यावर, मित्राच्या बहिणीचे लग्न आहे असे सांगून तू कर्नाटक एक्स्प्रेसने बंगळूरला गेलास आणि ३० ऑक्टोबरला पॅलेस ग्राउंड्‌सवर मेटालिका हा बँड ऐकून आलास. खोटे बोललास म्हणून मी तुला रागावलो, ते एक बापाचे काम म्हणून. मनातून मला थोडा हेवाच वाटला होता, कारण माझ्या आयुष्यात एवढ्या लांब केवळ ऐकण्यासाठी मी कधी गेलो नाही. पण तू परत आल्यावर रात्री मला म्हणाला होतास, "नाना, कानात शिट्टी वाजते." मी म्हणालो, झोप, सकाळी जाईल. सकाळी गेली. माझे खरे चुकले ते तिथे. माझीही शिट्टी दर हंगामात दिवाळीनंतर सुरू व्हायची, सकाळी जायची, आणि शिट्टी गेली म्हणजे कान बरा झाला असे मी समजायचो. एका हंगामानंतर ती गेलीच नाही. आता हे लिहिताना, बाहेर पाऊस आहे असे तुझी आई सांगते, आणि मला शिट्टी ऐकू येते आहे. त्याच मेटालिकाचा ड्रमवादक लार्स उलरिख स्वतःच्या कानातल्या नादाविषयी उघडपणे बोललेला आहे. माझे नाही, तर त्याचे तरी ऐक.

तुझ्या मित्राने मोबाईलवर आवाज मोजून दाखवला तो १०६ डेसिबल होता. मोबाईलचे माप काटेकोर नसेल, हे मला मान्य आहे. तरी त्या रात्री गाडीत झोप येईना म्हणून मी हिशेब केला. अमेरिकेतल्या सरकारी संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबलमध्ये माणसाने आठ तास राहावे आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा करावा. म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन, असे करीत १०० ला पंधरा मिनिटे येतात आणि १०६ ला पावणेचार मिनिटे. तुझे पहिलेच गाणे सहा मिनिटांचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली अशा कार्यक्रमांसाठी १०० डेसिबलची सरासरी मर्यादा सुचवली, ती कोण पाळतो ते मी विचारीत नाही. आतल्या कानातल्या केसांसारख्या बारीक पेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. कपाशीचे झाड छाटल्यावर फुटते, तसे हे नाही.

हा पाढा झाला. क्षमा कर. तू इंजिनिअर आहेस, तुला हे सगळे माझ्याआधी माहीत असणार, आणि माहीत असूनही तू वाजवताना कानात बोळे घालीत नाहीस हेच मला कळत नाही. तू फलाटावर म्हणालास की स्पंजाच्या बोळ्यांनी झांजांचा आवाज मरतो, सगळे गढूळ होते. ते खरे असेल. पण वादकांसाठी गाळणी असलेले बोळे मिळतात, ते वरचे आणि खालचे स्वर सारखेच कमी करतात, असे तुझ्याच ड्रमवाल्या मित्राने मला सांगितले. तो स्वतः ते घालतो. मग तू का नाही?

आता दुसरे. तुझ्या त्या मुक्त सॉफ्टवेअरच्या नादाबद्दल मी मागे बरेच वाकडे बोललो आहे. गाणी फुकट वाटतोस, वर दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका फुकट दुरुस्त करतोस, मग शिकवले कशाला, असे मी म्हणालो होतो. ते शब्द मी मागे घेतो. तू मला आर्डर हा ध्वनिमुद्रणाचा प्रोग्रॅम उघडून दाखवलास, पॉल डेव्हिस नावाच्या माणसाने ते सुरू केले आणि कोणीही त्याच्या आत डोकावू शकतो, असे सांगितलेस. गिटारिक्समध्ये अख्खा ॲम्प्लिफायर संगणकात कसा बसवला आहे ते दाखवलेस. मी त्या वेळी जांभई दिली. परंतु नंतर मला आमच्या जिनातली गोष्ट आठवली. एका वर्षी मालकांनी गठाणी बांधायच्या प्रेसवर नवे नियंत्रण-पॅनेल बसवले. ऐन हंगामात ते बंद पडले. झाकणाला सील, आतला नकाशा कंपनीजवळ आणि कंपनीचा माणूस तीन दिवसांनी येणार. फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागली, शेतकरी रात्री गाडीखाली झोपले, आणि मी पाना हातात घेऊन त्या झाकणापुढे उभा. माणूस आला, त्याने एक जळालेली वायर बदलली आणि गेला. एक वायर! मला झाकण उघडू दिले असते तर अर्ध्या तासाचे काम होते.

मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ सुरू करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमनलाही प्रिंटरच्या बाबतीत असाच अनुभव आला होता आणि त्याने १९८३ साली आपल्या मुक्त प्रणालीची घोषणा केली, असे तू सांगितलेस. मी जिनात लागलो तेही १९८३ सालीच. तो झाकणाविरुद्ध उभा राहिला आणि मी झाकणापुढे उभा राहिलो, एवढाच काय तो फरक. हायड्रोजनमध्ये तू एक ओळ दुरुस्त केलीस आणि ती सगळ्यांकडे गेली, हे मी जिभाऊंना तीनदा सांगितले आहे. त्यांना ते पाण्याच्या रसायनाविषयी आहे असे वाटले. मी त्यांना सांगितले, ते ड्रम वाजवणाऱ्या प्रोग्रॅमचे नाव आहे. पोट भरायला तुझी नोकरी आहे, तोवर त्या बाबतीत मी बोलणार नाही.

तुझ्या नव्या गाण्यांच्या कामात भोंगऱ्याचे ढोल आहेत, याचा मला किती आनंद झाला ते तोंडाने सांगणे मला जमले नसते. तू सहा वर्षांचा होतास. होळीच्या आधी मी तुला सायकलवर पुढे बसवून सातपुड्याच्या पायथ्याशी भोंगऱ्याच्या बाजारात नेले होते. पावरा मंडळींचे ते ढोल तुझ्यापेक्षा मोठे होते. बाकीची पोरे आवाजाने रडत आईला बिलगत होती आणि तू हात सोडून ढोलाजवळ गेलास, चामड्यापासून वीतभर अंतरावर तोंड उघडे ठेवून उभा राहिलास. ढोलवाला हसला आणि त्याने तुझा तळहात ढोलाच्या लाकडावर ठेवला. तुला तिथून उचलून आणताना तू मला चावला होतास. ब्राझीलच्या सेपल्तुरा बँडने १९९६ साली निघालेल्या तबकडीसाठी शावान्ते आदिवासींबरोबर ध्वनिमुद्रण केले, त्यावरून तुला हे सुचले असे तू म्हणतोस. मी म्हणतो, तुला ते सायकलवरच सुचले होते. तू ढोलवाल्यांची रीतसर परवानगी घेतलीस, त्यांची नावे घातलीस, आणि ते ठोके सगळ्यांना वापरायला मोकळे केलेस, हे चांगले केलेस. आणि तरी, त्या दिवशी तुला ढोलाजवळ तितका वेळ उभे राहू द्यायला नको होते, असे मला आता वाटते. पाहा, चांगली आठवणसुद्धा मी नासवली.

तुझ्या आईचा निरोप: कानबाईच्या सणाचे रोट झाले, तुझी वाट पाहून तुझ्या वाटचा ताईच्या चिमीला दिला. दौऱ्यात शिलाँगला थंडी असते म्हणे, मफलर ने. कळण्याचे पीठ आणि शेवेची पिशवी पाठवत आहे. पीठ वापरणार नाहीस हे तिलाही माहीत आहे.

सोबत माझ्या कानाच्या तपासणीचा कागद जोडतो आहे. घाबरवण्यासाठी नव्हे. त्यावरची रेघ डावीकडून सरळ येते आणि चार हजार हर्ट्‌झजवळ विहिरीत उतरावी तशी खाली जाते, मग थोडी वर येते. अशी विहीर आवाजात काम केलेल्यांच्या कागदावर असते, असे डॉक्टर म्हणाले. 'स', 'श', 'फ' ही अक्षरे तिथेच पडली. दौऱ्यावर निघण्यापूर्वी असाच एक कागद तू तुझा काढून घे आणि मला पाठव. मी त्यावर काही बोलणार नाही. दोन्ही कागद नुसते शेजारी ठेवीन.

आणखी एक विचारायचे आहे. तुझे नवे काम ताईने मोबाईलवरून मोठ्या स्पीकरला जोडून दिले. शेवटच्या गाण्यात सगळे थांबते आणि थोडा वेळ काहीच नसते. मी समजलो गाणे संपले आणि उठलो, तर तुझ्या आईने हात धरून मला खाली बसवले. ती म्हणते तिथे अगदी बारीक काहीतरी वाजते, घुंगरासारखे. जिभाऊ म्हणतात टाळ आहे. चिमी म्हणते बैलाच्या गळ्यातले आहे. मी स्पीकरवर तळहात ठेवून पाहिला, पण हाताला काही लागले नाही. तिथे काय आहे ते मला कळव. फोनवर सांगू नकोस, लिहून पाठव.

तुझा,
नाना