त्याच जहाजावर पुन्हा जाऊ

चि. अमोल यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा फोन आला तेव्हा अंगणात कापूस वेचणीच्या मजुरीचा चुकारा चालू होता आणि सगळ्यांसमोर मला मोकळेपणी बोलता आले नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. "तेच जहाज पुन्हा कशाला? या वेळी सिंगापूरहून सुटणाऱ्या मोठ्या जहाजाने जाऊ," असे तू म्हणालास. आम्हाला आणखी काही चांगले दाखवावे अशी तुझी इच्छा आहे, हे मी जाणते आणि त्याचा मला आनंदही आहे. तरीही मागे आपण मुंबईहून गोव्याला ज्या जहाजाने गेलो, त्याच 'एम्प्रेस'वर माझे मन आहे, आणि त्याची कारणे तुला नीट सांगावीत असे वाटते.

मागच्या खेपेला आपला बहुतेक वेळ जहाज समजून घेण्यातच गेला. जेवणघर कोणत्या मजल्यावर आहे, लिफ्टमधून बाहेर पडल्यावर आपली खोली डाव्या हाताला की उजव्या, वरच्या डेकवर जाणारा जिना कुठला, हे विचारता विचारता गोवा आले आणि परतीचा प्रवासही सुरू झाला. जहाज ओळखीचे झाले तेव्हा सामान बांधायची वेळ झाली होती. आता मला तिथे काहीही शोधायचे नाही. कुठे बसायचे, केव्हा बसायचे आणि काय पाहायचे, हे मला ठाऊक आहे.

एक गोष्ट तर मला पुन्हा, आणि या वेळी पहिल्यापासून, पाहायची आहे. मुंबई बंदरातून जहाज बाहेर काढण्यासाठी बंदराचा स्वतःचा पायलट, म्हणजे वाटाड्या, जहाजावर येतो, कारण तिथल्या पाण्याची खोली, गाळ आणि भरती-ओहोटी त्याच्या रोजच्या सवयीची असते. जहाज मोकळ्या पाण्यात आले की एक लहान बोट त्याच्या कुशीला येऊन चिकटते. जहाज थांबत नाही, बोटही थांबत नाही; दोन्ही चालतीच असतात. पाण्यापासून थोड्या उंचीवरचा एक दरवाजा उघडतो, त्यातून लाकडी पायऱ्यांची दोरशिडी खाली सोडलेली असते आणि तो माणूस जहाजाकडे तोंड करून एकेक पायरी उतरतो. शेवटच्या पायरीवर तो क्षणभर थांबला, बोट लाटेने वर आली आणि नेमक्या त्या वेळी त्याने पाय टाकला. तुम्ही सगळे तेव्हा चहाला गेला होतात. एवढ्या मोठ्या जहाजाचे निघणे एका माणसाच्या पावलाच्या अंदाजावर येऊन ठेपते, हे आपल्या आर्यनने पाहिलेच पाहिजे असे मला तेव्हाही वाटले होते.

तू जहाज जुने झाल्याचे म्हणालास, ते खरे आहे. मी परत आल्यावर त्याच्याविषयी बरेच वाचले. फ्रान्समधील सेंट नाझेर येथील गोदीत ते बांधले गेले आणि 1990 मध्ये 'नॉर्डिक एम्प्रेस' या नावाने रॉयल कॅरिबियन कंपनीकडून प्रवासाला लागले. पुढे 2008 मध्ये ते स्पेनच्या पुलमांतुर कंपनीकडे गेले, 2016 मध्ये पुन्हा पहिल्या कंपनीच्या ताफ्यात आले आणि 2021 च्या सप्टेंबरपासून कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचे जहाज म्हणून मुंबईहून फिरू लागले. त्याची लांबी सुमारे 211 मीटर आहे आणि नोंदीतील टनभार 48,563 आहे. हा आकडा वजनाचा नसून जहाजाच्या आतल्या एकूण जागेचा असतो, हे मला त्या वाचनातच कळले. आजचे सर्वांत मोठे प्रवासी जहाज या मापाने त्याच्या पाचपट भरते. परंतु पाचपट जागा घेऊन आपण काय करणार? तुझ्या बाबांचे गुडघे तुला माहीत आहेत. या जहाजावर खोलीतून निघून जेवणघरापर्यंत ते काठीच्या आधाराने स्वतः गेले, कोणाचा हात धरावा लागला नाही, आणि ते समाधान त्यांच्या चेहऱ्यावर दिवसभर दिसत होते.

आता खरे कारण सांगते. या वेळी तुझ्या आत्याला न्यायचे आहे. तिने आजवर समुद्र पाहिलेला नाही. आपल्या भागातून समुद्र सातशे किलोमीटर दूर. आपल्या वर्धा नदीचे पाणीसुद्धा प्राणहितेतून गोदावरीत आणि तिथून बंगालच्या उपसागराला जाते, अरबी समुद्राशी आपले तेवढेही नाते नाही. माझ्याकडून जहाजाची हकीकत ऐकताना ती एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारते, की रात्री चहूकडे पाणी असताना भीती वाटत नाही का? अनोळखी जहाजावर तिला धीर द्यायला मीच कच्ची पडेन. इथे मी तिला हाताला धरून सगळीकडे नेऊ शकते. जहाज सुटण्याआधी सर्वांना बोलावून लाइफ जॅकेट कसे घालायचे आणि संकटात कुठे जमायचे ते शिकवतात. 2012 मध्ये इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया हे जहाज खडकावर आदळल्यानंतर हा नियम अधिक कडक झाला. ती कवायत मी तिच्याकडून इथे घरीच करून घेणार आहे.

खोली घेताना बाजू मात्र नीट पाहा. मुंबईहून गोव्याकडे जाताना डाव्या बाजूला किनारा असतो आणि उजव्या बाजूला मोकळा समुद्र; परतताना हे उलटे होते. मला जाताना डावी बाजू हवी. खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चारही किल्ले त्याच किनाऱ्याला आहेत, आणि 2025 च्या जुलैमध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्य केलेल्या बारा किल्ल्यांत त्यांचा समावेश झाला. जहाज दूरून जाते आणि बहुतेक वाट रात्रीची असते, त्यामुळे तटबंदी दिसेल अशी माझी अपेक्षा नाही. दीपगृहांचे प्रकाश मात्र दिसतात. प्रत्येक दीपगृहाची उघडझाप वेगळी असते आणि तेवढ्यावरून खलाशी ते ओळखतात. शाळेत मी इतकी वर्षे मुलांना हे पुस्तकातून शिकवले. आर्यनला सोबत घेऊन, घड्याळ लावून ते प्रत्यक्ष मोजायचे आहे.

मजला खालचाच घे आणि खोली जहाजाच्या मधल्या भागातली घे, कारण डुलणे तिथे सर्वांत कमी जाणवते. बाल्कनीचे पैसे वाचव. आत्याला गाडी लागते, म्हणून उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून आधीच आणून ठेवीन. कॅसिनोकडे आपल्यापैकी कोणी फिरकणार नाही, हे सांगायची गरज नाही.

दिवस जानेवारीच्या अखेरचे किंवा फेब्रुवारीचे पाहा. तोवर तुरी घरात आलेल्या असतील आणि कापसाची शेवटची वेचणीही उरकेल. त्यानंतर लांबवू नकोस. उन्हाळ्यात बाबांना प्रवास सोसत नाही आणि पावसाळ्यात हे जहाज मुंबईहून सुटत नाही. धामणगावहून विदर्भ एक्सप्रेसची तिकिटे मी इथून काढते. गाडीला उशीर झाला तर जहाज आपल्यासाठी थांबणार नाही, म्हणून एक दिवस आधी निघू आणि डोंबिवलीला तुझ्या मामाकडे उतरू. त्यांना मी कळवले आहे.

आत्याच्या आधार कार्डावरील नावात आणि बँकेच्या पुस्तकातील नावात एका अक्षराचा फरक आहे. तिकीट आधार कार्डाप्रमाणेच काढ. तारीख ठरली की आधी तिला फोन कर. ती माझ्यापेक्षा तुझे अधिक ऐकते.

सौ. सूनबाईंना व चि. आर्यनला आशीर्वाद.

तुझी,
आई