न्यूट्रॉनांचा हिशेब आणि त्यातले ‘अधिक-उणे’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ मध्ये सुरू झाल्या, म्हणजे त्यांनी पन्नाशी केव्हाच ओलांडली आहे. त्यांच्या उरलेल्या आयुष्याची चर्चा वृत्तपत्रांतून होते तेव्हा नळ्या, झडपा, भूकंप आणि समुद्राचे पाणी यांविषयी पुष्कळ लिहिले जाते. पण जे बदलणे जवळजवळ अशक्य असते त्या पोलादी दाबपात्राने, म्हणजे इंधनाचा गाभा ज्यात असतो त्या जाड भिंतीच्या भांड्याने, आजवर किती न्यूट्रॉनांचा मारा सोसला, हा प्रश्न कुणी विचारलेला माझ्या वाचनात नाही. नोकरीची सारी वर्षे मी पोलादाच्या चाचण्यांत घालवली. त्यामुळे हा आकडा कसा काढतात आणि तो काढण्याची रीत लेखी मानकांनी का बांधून घ्यावी लागते, याविषयी चार शब्द लिहावेसे वाटले.

वेगवान न्यूट्रॉन पोलादातील अणूंना त्यांच्या जागेवरून ढकलतात आणि वर्षानुवर्षे हे चालले की पोलाद ठिसूळ होत जाते. खाच पाडलेला तुकडा हातोड्याच्या एका झोक्यात तोडून त्याने किती ऊर्जा शोषली ते मोजायचे, ही चार्पी चाचणी आम्ही रोज करत असू. न्यूट्रॉन खाल्लेला तुकडा, मूळचा चिवट असूनही, थंड करत गेल्यास पूर्वीपेक्षा बऱ्याच अधिक तापमानालाच काचेसारखा तुटू लागतो. तांब्याचा अंश जास्त असलेले वेल्डचे सांधे यात विशेष नाजूक ठरतात. म्हणूनच दाबपात्राच्या आत त्याच पोलादाचे नमुने डब्यांत ठेवतात आणि ठरावीक वर्षांनी एकेक डबा काढून तपासतात.

त्या नमुन्यांवर नेमका किती मारा झाला हे मात्र कोणत्याही मीटरवर वाचता येत नाही. डब्यात लोखंड, निकेल, तांबे यांच्या बारीक तारा ठेवलेल्या असतात. न्यूट्रॉन लागून त्या किरणोत्सारी होतात आणि त्यांचा किरणोत्सार मोजून उलट हिशेब मांडला जातो. इथेच खरी गुंतागुंत आहे. लोखंडात तयार होणाऱ्या मँगनीज-५४ चा अर्धायुकाळ (किरणोत्सार निम्मा होण्यास लागणारा काळ) सुमारे ३१२ दिवस, निकेलमधून होणाऱ्या कोबाल्ट-५८ चा जेमतेम ७१ दिवस, तर तांब्यातून होणाऱ्या कोबाल्ट-६० चा सव्वापाच वर्षे. म्हणजे निकेलच्या तारेला गेल्या काही महिन्यांपलीकडचे फारसे आठवत नाही, आणि अणुभट्टी केव्हा किती शक्तीवर चालली याची नोंद चुकीची असेल तर उत्तरही चुकते. शिवाय प्रत्येक धातू वेगळ्या ऊर्जेच्या न्यूट्रॉनांना दाद देतो, म्हणून गाभ्यापासून भिंतीपर्यंतच्या त्यांच्या प्रवासाची संगणकीय गणना करून ती या मोजमापांशी जुळवून घ्यावी लागते.

याच प्रत्येक पायरीसाठी अमेरिकेतील एएसटीएम या मानके ठरवणाऱ्या संस्थेने स्वतंत्र मानके केली आहेत. तारांच्या मोजणीचे एक, गणनेचे एक, दोन्हींचा मेळ घालण्याचे एक, तर लोखंडातील प्रत्येक अणू सरासरी किती वेळा जागेवरून हलला ते सांगण्याचे आणखी एक. तिथल्या अणुनियामकाने मार्च २००१ मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेत दाबपात्राच्या भिंतीवरील गणनेची अनिश्चितता, म्हणजे आकड्यापुढचे ‘अधिक-उणे’, २० टक्क्यांच्या आत असावी, असे म्हटले आहे. उत्तम साधने आणि दशकांचा अनुभव असूनही जिथे २० टक्के सूट द्यावी लागते, तिथे ‘तपासणी झाली, सर्व ठीक आहे’ या एका वाक्याला कितपत अर्थ आहे, हे वाचकांनीच ठरवावे.

मानके एकदा लिहून कपाटात ठेवायची नसतात, हे शिकवणारी एक घटना अमेरिकेच्या टेनेसी राज्यातल्या ओक रिज येथे घडली. तिथल्या ‘हाय फ्लक्स आयसोटोप रिॲक्टर’ या संशोधन अणुभट्टीच्या नमुन्यांत १९८६ मध्ये अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक ठिसूळपणा आढळला आणि अणुभट्टी बंद करावी लागली. पुढे ती १०० ऐवजी ८५ मेगावॅटवर चालवण्यात आली. नव्वदच्या दशकात उलगडा झाला तो असा, की गाभा आणि पात्र यांच्यामधल्या पाण्याच्या रुंद थरामुळे भिंतीपाशी न्यूट्रॉनांच्या तुलनेत गॅमा किरण फार होते आणि पोलादाच्या हानीत त्यांचाही मोठा वाटा होता. इतकेच नव्हे, न्यूट्रॉन मोजायला ठेवलेल्या नेप्च्युनियम आणि युरेनियमच्या मापकांमध्येही गॅमा किरणांमुळे विखंडन होऊन त्यांचे आकडे फुगले होते. माप आणि हानी दोन्हींत तोच अनाहूत पाहुणा शिरलेला! त्याच सुमारास लोखंडाच्या अणुकेंद्राविषयीची आधारभूत माहिती सुधारली गेली, तेव्हा जाड पोलादापलीकडे पोहोचणाऱ्या न्यूट्रॉनांचे गणिती आकडे वाढले. पात्रे तीच होती, बदलला तो हिशेब.

आपल्याकडे या विषयाला आणखी एक पदर आहे. ही मानके मुख्यतः साध्या पाण्याच्या अणुभट्ट्यांची दाबपात्रे डोळ्यांपुढे ठेवून लिहिली गेली, तर आपल्या बहुतेक अणुभट्ट्या जड पाण्याच्या आहेत. तारापूरच्याच तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीत एका मोठ्या पात्राऐवजी प्रत्येकी ३९२ आडव्या दाबनलिका आहेत. झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या या नलिका न्यूट्रॉनांच्या माऱ्याने लांबतात, फुगतात आणि मधोमध झुकतात. इंधन चालू अणुभट्टीतच बदलले जात असल्याने प्रत्येक नलिकेचा इतिहास वेगळा असतो. पोलादासाठी केलेला हिशेब इथे जसाच्या तसा लावणे म्हणजे कापडाच्या गजाने दूध मोजण्यासारखे आहे. कॅनडाने याच जातीच्या नलिकांच्या तपासणीची मानके केली आहेत आणि ती अभ्यासण्याजोगी आहेत, पण आपल्या अणुभट्ट्यांचा इतिहास आपल्यालाच मांडावा लागेल.

२०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात २०४७ पर्यंत १०० गिगावॅट अणुऊर्जेचे उद्दिष्ट जाहीर झाले आणि छोट्या अणुभट्ट्यांच्या संशोधनासह अणुऊर्जा मोहिमेसाठी २० हजार कोटी रुपये ठेवण्यात आले. यातल्या थोड्या पैशांत तुर्भ्याच्या अप्सरा-यू या संशोधन अणुभट्टीवर न्यूट्रॉनांच्या हिशेबाची खुली तुलनात्मक चाचणी घेता येईल. ओक रिजच्या एका छोट्या अणुभट्टीवर अशी चाचणी पूर्वी झाली, तेव्हा सहभागी प्रयोगशाळांनी मोजलेले आकडे न पाहता आपापली गणिते सादर केली होती. आपली विद्यापीठे आणि आयआयटी यांना त्यात सामील करून घ्यावे, म्हणजे मानक लिहिणारे आणि ते तपासणारे एकाच इमारतीत बसणार नाहीत. आणि अणुऊर्जा नियामक मंडळ एखाद्या जुन्या अणुभट्टीला मुदतवाढ देईल तेव्हा दाबपात्रावरील किंवा दाबनलिकांवरील न्यूट्रॉनमाऱ्याचा आकडा, त्याच्यापुढचे ‘अधिक-उणे’ आणि तो कोणत्या मानकानुसार काढला त्याचे नाव, या तीन गोष्टी जाहीर निवेदनात छापाव्यात, एवढीच विनंती.

आपला,
एक निवृत्त धातुपरीक्षण अभियंता, पालघर