फिलिंग झालंय म्हणून नुसती टिक मारू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शाळांमधल्या दंत तपासणी शिबिरांच्या बातम्या आपल्या पेपरात अधूनमधून येतात, अमक्या शाळेत इतक्या मुलांचे दात तपासले, आणि सोबत ओळीने आ वासून बसलेल्या पोरांचा फोटो. मी स्वतः गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका सरकारी प्राथमिक शाळेत शिकवते, आमच्या वर्गातली बाकं सरकवून अशी शिबिरं मीच घेतलीयत, त्यामुळे शिबिरांना नावं ठेवायला हे पत्र लिहीत नाहीये. पण तपासणीच्या कार्डावर एक रकाना असतो, 'फिलिंग झालेले', आणि त्यात टिक पडली की तो दात सगळ्यांसाठी संपला, डॉक्टरांसाठी, आमच्यासाठी, आईबापांसाठी पण. माझं म्हणणं त्या टिकेबद्दल आहे.

माझ्या मुलाचंच सांगते. पाच वर्षांचा असताना त्याच्या खालच्या डाव्या बाजूच्या दोन दुधाच्या दाढांच्या मधे कीड निघाली, साफ करून पांढरं सिमेंट भरलं, पोर रडलं नाही म्हणून मी खूश. सासूबाईंचं मत वेगळं होतं, "पडपाचेच दांत न्हय ते, कित्याक इतले पयशे मोडटा?" (पडायचेच दात ना ते, कशाला इतके पैसे घालवतेस?) पुढच्या वर्षी त्याच्या शाळेत तपासणी झाली, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून मोबाइलच्या टॉर्चने बघितलं, फिलिंग आहे, टिक. मी पण निर्धास्त. मग चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी आली, चवथीत घरात काय काय असतं तुम्हाला सांगायला नको, नेवऱ्या, लाडू, पातोळ्या, पोर दिवसभर चरत होतं, आणि चवथ संपून पंधरा दिवस होतायत तोच एका रात्री गाल धरून उठलं. सकाळी बघते तर त्याच दाढेखाली हिरडीवर तांदळाएवढा फोड. फिलिंग जागच्या जागी, वरून चकचकीत. एक्स-रे काढल्यावर दिसलं की कीड वरून नाहीच, दोन दाढांच्या फटीत, फिलिंगच्या खालच्या कडेला लागून आत गेलेली, नसेपर्यंत पोचलेली. मग दुधाच्या दाढेची रूट कॅनल आणि वर स्टीलची कॅप.

मी डॉक्टरांना सरळ विचारलं, वर्षभर हे कुणाला कसं दिसलं नाही? त्यांनी न चिडता समजावलं आणि त्यातलं जे मला कळलं ते इथे मुद्दाम लिहिते, कारण हे आमच्या पालकसभेत कधी कुणी सांगितलेलं नाही.

दुधाच्या दाताचं वरचं कवच मोठ्यांच्या दाताच्या साधारण निम्म्याच जाडीचं असतं आणि आतली नस त्या मानाने मोठी आणि पृष्ठभागाच्या जवळ. म्हणजे मोठ्या माणसाच्या दाढेत कीड कवचातच रेंगाळलेली असते तेवढ्या काळात पोराच्या दाढेत ती नसेच्या दारात येऊन बसते. त्यात दोन दाढांच्या मधलं फिलिंग सगळ्यात नाजूक, तिथे ब्रश पोचत नाही, भरताना लाळ आणि रक्त लागू न देणं कठीण, पोर हलतंय वेगळंच, त्यामुळे वरच्या खड्ड्यातल्या फिलिंगपेक्षा हे मधलं फिलिंग जास्त वेळा दगा देतं. आणि फिलिंगने आधीची कीड काढली तरी ती ज्यामुळे लागली ते खाणं, ते चिकट थर, तो अर्धवट ब्रश, हे सगळं तसंच असतं ना. नवी कीड मग कडेनेच शिरते.

आता 'पडपाचेच दांत' बद्दल. पुढचे दात सहा-सात वर्षांत पडायला लागतात हे खरं, पण मागच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात, त्यांच्यावरच पोर जेवतं आणि त्यांनीच खालून येणाऱ्या दातांची जागा धरून ठेवलेली असते. सहाव्या वर्षी मागून पक्की दाढ येते, तिच्या पुढची दुधाची दाढ लवकर काढली तर ती पक्की दाढ पुढे सरकते आणि मग नंतर दात वाकडे आले म्हणून तारा लावायला आपणच धावतो. शिवाय मुळाशी पू झाला तर खाली तयार होत असलेल्या पक्क्या दाताला पण इजा होऊ शकते. हे सासूबाईंना मी नंतर सांगितलं, त्या म्हणाल्या आमच्या वेळेला कुठे होतं हे सगळं. त्यांच्या वेळेला पोदेराकडून पाव यायचा, चॉकलेटच्या बिस्किटांचे पुडे नव्हते, हे मी मनातच ठेवलं.

पण आता दुसरी बाजू पण ऐका, नाहीतर हे पत्र वाचून उद्या सगळे पोरांची फिलिंगं उकरून घ्यायला जातील. माझी बहीण फोंड्याला असते, तिच्या मुलीच्या चार दाढांत फिलिंग आहे आणि चारींच्या कडेला तपकिरी रेघ. एका ठिकाणी नेली तर टोकदार सळई घालून बघितलं, अडकते म्हणाले, चारी काढून परत भरायला लागतील. चार म्हणजे खर्च बाजूला ठेवा, त्या पोरीचा चार वेळा खुर्चीवरचा आकांत आला. बहीण दुसरीकडे गेली. तिथे आधी दात ब्रशने स्वच्छ केले, कापूस लावून हवेने सुकवले आणि मग नीट उजेडात बघितलं. रेघा होत्या, पण कडा कडक, खड्डा नाही, आत सावली नाही. निघाले ते नुसते डाग. फ्लोराइडचं वार्निश लावलं, फोटो काढून ठेवला, तीन महिन्यांनी या म्हणाले. तीन महिन्यांनी रेघा तेवढ्याच. अजून तेवढ्याच आहेत.

म्हणजे बघा, माझ्या घरी कीड होती आणि फिलिंग चकचकीत दिसत होतं, बहिणीकडे फिलिंग भिकार दिसत होतं आणि कीड नव्हती. कडेला रंग बदलला म्हणजे कीड असं नाही, आणि बारीक फट पडली म्हणजे पण कीड असं नाही. टोकदार सळई तर फिलिंग आणि दात यांच्या सांध्यात कीड नसली तरी अडकणारच, आणि जोर दिला तर कच्चं झालेलं कवच तिथेच मोडायचं. त्यासाठी टोकाला अर्ध्या मिलिमीटरचा मणी असलेली बोथट सळई असते, ती कडेवरून हलकेच फिरवायची. फट त्या मण्यापेक्षा बारीक आहे की मणी आत जातो, हे बघण्यासाठीच तो आकार ठरवलाय.

यासाठी डॉक्टर लोकांकडे ठरवलेल्या मोजपट्ट्या पण आहेत. एकीला 'कार्स' म्हणतात, त्यात फिलिंगच्या कडेच्या किडीला ० ते ६ असे अंक देतात. शून्य म्हणजे काही नाही. दात सुकवल्यावरच जो बदल दिसतो तो १, ओल्या दातावर पण दिसतो तो २, पुढे बारीक फट, आतून दिसणारी काळपट सावली, उघडा खड्डा असं वाढत ६ पर्यंत. आता मला सांगा, तोंडात लाळ भरलेली आणि उजेड मोबाइलचा, तर १ नंबर दिसणार कुणाला? दुसरी मोजपट्टी 'एफडीआय' या दंतवैद्यांच्या जागतिक संघटनेची, ती कीडच नाही तर फिलिंगचा रंग, आकार, झीज, कडा सगळंच बघते. साहजिकच तिच्यात नापास व्हायला कारणं जास्त. ब्राझीलच्या साओ पाउलोत डॉक्टरांनी दुधाच्या दातांवर या दोन पद्धती शेजारी शेजारी ठेवून तपासल्यात, कुठल्या पद्धतीने पोराचं जास्त भलं होतं ते बघायला. पाच-सहा वर्षांनी पडणाऱ्या दाढेवरच्या फिलिंगचा रंग जुळत नाही म्हणून ते काढायचं का, हा प्रश्न मला आई म्हणून अगदी बरोबर वाटतो. शिवाय दर वेळेला पूर्ण फिलिंग काढलं की थोडा चांगला दात पण जातोच, त्यापेक्षा खराब झालेला कोपराच दुरुस्त करता येतो पुष्कळदा.

एक्स-रेचं म्हणाल तर दोन दाढांच्या मधलं डोळ्यांना दिसतच नाही, तिथे 'बाइटविंग' नावाचा छोटा एक्स-रे लागतो, पोराने एक पट्टी चावून धरायची, वरच्या खालच्या दाढा एकत्र दिसतात. पण तो पण देवाचा कौल नव्हे. काही फिलिंगच्या खालचा चिकटवायचा थर एक्स-रेत काळा दिसतो, किडीसारखाच. म्हणून प्रत्येक पोराचा प्रत्येक वेळी एक्स-रे काढा असं मी म्हणत नाही, शाळेत तर शक्यच नाही. पण ज्याच्या दोन दाढांच्या मधे फिलिंग आहे त्याला 'ओके' लिहून सोडण्याऐवजी 'मधलं फिलिंग, दवाखान्यात दाखवा' एवढं लिहिता येतं.

आणि ज्यांची कीड खरंच निघते त्यांच्यासाठी पण आता दर वेळी ड्रिलच लागतं असं नाही. काही वेळा ड्रिल न मारता वरून स्टीलची कॅप बसवतात, स्कॉटलंडच्या एका दंतवैद्य बाईंच्या नावावरून त्याला हॉल टेक्निक म्हणतात, नसेपर्यंत कीड गेलेली नसेल तरच हां. चांदीच्या फ्लोराइडचं औषध लावून कीड थांबवतात, त्याने ती जागा काळी पडते पण मागच्या दाढेत बघतंय कोण. माझ्या मुलाचं हे वेळेत कळलं असतं तर रूट कॅनलपर्यंत गेलो नसतो हे राहून राहून वाटतं.

आता माझं मागणं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दातांची तपासणी आहेच, शाळांत पथकं येतात, कार्डं भरली जातात. त्याच कार्डावर फिलिंगच्या टिकेशेजारी तीन गोष्टींना जागा द्या: कुठली दाढ, फिलिंग कधी केलं, परत कधी बघायचं. ज्या पोरांना कीड वारंवार लागते त्यांना तीन ते सहा महिन्यांनी परत बघायला हवं, वर्षाने नव्हे. तपासायच्या आधी पोरांना शाळेच्या नळावर ब्रश करायला लावू, ते काम आम्ही शिक्षक करतो, आम्हाला फक्त आदल्या दिवशी सांगा. कापसाच्या गुंडाळ्या आणि कपाळाला लावायचा दिवा याला काही फार पैसे पडत नाहीत. आणि पोराच्या हातात एक चिठ्ठी द्या घरी न्यायला, मराठीत कोंकणीत, इंग्रजीत नको, आमच्या गावातल्या आयांना 'सेकंडरी केरीज' (म्हणजे फिलिंगच्या कडेने लागलेली ही कीड) वाचून काय कळणार. बांबोळीला सरकारी दंत महाविद्यालय १९८० पासून आहे, तिथे लहान मुलांच्या दातांचा वेगळा विभाग आहे, पण वाळपईहून दोन बसगाड्या बदलून एक दिवसाची मजुरी बुडवून तिथे जायचं तर आईला आधी कळायला तर हवं की जायला पाहिजे.

पालकांनो, तुम्ही पण एवढं बघा. फिलिंग असलेल्या दाढेत रोज जेवण अडकायला लागलं, गोड किंवा थंड खाताना पोर एका बाजूने चावायला लागलं, फिलिंगशेजारी करडी सावली दिसली किंवा हिरडीवर पुळी आली तर दुखायची वाट बघू नका, दुधाच्या दाढेत पुष्कळदा दुखणं उशिरा येतं. आणि सात-आठ वर्षांपर्यंत ब्रश तुम्हीच मारा, पोराच्या हातून मागच्या दाढा होत नाहीत. पेस्टच्या ट्यूबवर फ्लोराइडचा आकडा वाचा, १००० पीपीएमच्या आसपास पाहिजे, तीन वर्षांवरच्या पोराला वाटाण्याएवढी, त्याहून लहानाला तांदळाच्या दाण्याएवढी. जत्रेतलं खाजं बंद करा असं मी सांगणार नाही, मला स्वतःला सोडवत नाही, पण ते दिवसभर चघळायला न देता जेवणाबरोबर द्या.

आमच्या शाळेत पुढची तपासणी होईल तेव्हा कार्डं छापून आधीच आलेली असतील आणि त्यात हा रकाना नसेल असं मी धरून चाललेय. तसं झालं तर मी वर्गातल्या फिलिंगवाल्या मुलांची यादी वहीत करून ठेवलीय, दाढ आणि तारखेसकट, तीच डॉक्टरांच्या हातात देईन.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका आणि पालक,
साखळी, गोवा