अभ्यासिकेच्या संगणकांवर आवाजाचे चिन्ह परत आणावे

महोदय,

राजारामपुरीतील एका अभ्यासिकेत मी आठवड्यातून तीन संध्याकाळी मुलांना संगणक शिकवण्यास मदत करते. तेथील आठ जुन्या संगणकांवर विंडोजऐवजी ‘लिनक्स मिंट’ ही मोफत संगणक प्रणाली (ऑपरेटिंग सिस्टीम) आहे. गेल्या महिन्यात एका मुलाच्या हेडफोनची पिन निसटली आणि व्याख्यानाचा आवाज एकदम स्पीकरमधून खोलीभर घुमला. तो कमी कुठून करायचा हे न सुचल्यामुळे घाबरलेल्या मुलाने भिंतीवरचे मुख्य बटणच बंद केले. त्यात शेजारी परीक्षेचा अर्ज भरत बसलेल्या दोघांचे अर्धवट काम वाया गेले. दुसऱ्या दिवशी व्यवस्थापनाने सर्व संगणकांचा आवाज बंद केला आणि पडद्याच्या खालच्या पट्टीवरील स्पीकरचे चिन्हही काढून टाकले. अभ्यासिकेत शांतता हवी याबद्दल दुमत नाही. पण हा उपाय चुकीचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

घड्याळाशेजारचे हे चिन्ह म्हणजे अ‍ॅपलेट, पट्टीवर बसणारा एक छोटासा प्रोग्राम. त्यावर माउसचा बाण नेऊन मधले चाक फिरवले की आवाज टप्प्याटप्प्याने कमी-जास्त होतो; चिन्हावर क्लिक केले तर सरकपट्टी उघडते. आमच्या जुन्या कीबोर्डांवर आवाजाच्या वेगळ्या कळा नाहीत, त्यामुळे हे चिन्ह गेल्यावर आवाजाची व्यवस्था शोधायला सेटिंगच्या खिडकीत शिरावे लागते, आणि नवशिक्या मुलाला ती वाट घाईच्या वेळी कधीच सापडत नाही. त्या मुलाला चाक फिरवण्याची ही एवढीशी गोष्ट आम्ही पहिल्याच तासाला दाखवायला हवी होती. ती चूक शिकवणाऱ्यांची, म्हणजे माझीसुद्धा आहे.

पिन निसटण्यावरही साधा इलाज आहे. लिनक्समधील ध्वनिव्यवस्था हेडफोन आणि स्पीकर यांच्या आवाजाची पातळी स्वतंत्रपणे लक्षात ठेवू शकते. हेडफोन काढून एकदा स्पीकरचा आवाज अगदी खाली आणून ठेवला, की पिन जोडल्यावर व्याख्यान नेहमीच्या पातळीवर ऐकू येते आणि पिन सुटली तरी खोली दणाणत नाही. हे मी घरच्या संगणकावर अनेकदा करून पाहिले आहे.

सरसकट आवाज बंद केल्याचा सर्वांत मोठा फटका एका दृष्टिहीन विद्यार्थिनीला बसला. ती ‘ओर्का’ हा पडदा वाचून दाखवणारा प्रोग्राम वापरते. त्या दिवशी तिने संगणक सुरू केला, हेडफोन घातला, एक कळ दाबली, थांबली, पुन्हा तीच कळ दाबली. मग तिने हळूच मला विचारले, “मॅडम, वीज गेली आहे का?” इतर मुलांचे संगणक मुके झाले होते, तिचा मात्र पूर्ण बंदच पडला होता. वास्तविक चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रामचा आवाज वेगवेगळा ठेवण्याची सोय आज सहज उपलब्ध आहे. विंडोजमध्येही ती व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून आहे. लिनक्सवर ‘पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल’ हा आवाज नियंत्रित करणारा प्रोग्राम उघडला की व्हिडिओची सरकपट्टी वेगळी आणि ओर्काच्या आवाजाची वेगळी दिसते. पाठाचा व्हिडिओ खाली आणून ओर्काचा आवाज स्पष्ट ठेवणे तिला यामुळे जमत होते.

व्यवस्थापनाला मर्यादाच घालायची असेल तर ती कमाल पातळीवर घालावी. लिनक्सच्या अनेक डेस्कटॉपवर आवाज १०० टक्क्यांच्या पुढे १५० टक्क्यांपर्यंत नेता येतो. तेथे सॉफ्टवेअर ध्वनिलहरी फुगवते, मावेनाशा झाल्या की त्यांची टोके छाटली जातात आणि आवाज फाटतो. ही कमाल पातळी १०० वर आणता येते. मुलांच्या कानांसाठीही ते बरे, कारण जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी सरासरी ८० डेसिबलचा आवाज आठवड्यातून ४० तासांपर्यंतच ऐकावा आणि मुलांसाठी हीच मर्यादा ७५ डेसिबल आहे. गणेशोत्सवात साउंड सिस्टीमच्या भिंतींविरुद्ध आपण कोल्हापूरकर तळमळीने बोलतो. मुलांच्या कानाला तासन्‌तास चिकटलेल्या हेडफोनबद्दलही तितक्याच आस्थेने बोलायला हवे.

शहरातील अभ्यासिका आणि शाळांच्या संगणक कक्षांना माझी विनंती आहे की, आवाजाचे चिन्ह पट्टीवर राहू द्यावे, स्पीकरची पातळी खाली ठेवावी आणि नव्या मुलाला पहिल्याच दिवशी ते चाक फिरवून दाखवावे. आमच्या आठ संगणकांवर ही मांडणी करायला एक संध्याकाळ पुरेल आणि ती करून देण्याची माझी तयारी आहे. त्या विद्यार्थिनीचा संगणक मात्र सर्वांत आधी, याच आठवड्यात बोलता व्हावा.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, राजारामपुरी, कोल्हापूर