काचेला चिकटलेला फोटो

गिरगाव, मुंबई

प्रिय मित्रा,

पाडव्याला लिहितो म्हणालो आणि आषाढ सरत आला. तब्येत बरी, गुडघा आहे तसाच.

आपल्या घर-संग्रहालयाच्या दिवाणखान्यातला ग्रुप फोटो फ्रेमच्या काचेला चिकटला. हो, तोच. आणि हो, 'काच आणि फोटोच्या मध्ये माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट, घाल' असं तू म्हणाला होतास. फ्रेम जाड दिसेल म्हणून मीच अडून बसलो होतो. पावसाळी हवेत फोटोवरच्या थरातलं जिलेटिन मऊ होतं आणि काचेला धरतं, हे तुझं प्रवचन तेव्हा कंटाळवाणं वाटलं होतं. हस आता.

पण दोष एकट्या माउंटचा नाही. पश्चिमेच्या चुन्याच्या भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा केला, त्यामुळे मुरलेलं पाणी बाहेर सुकत नाही, आत येतं. त्यात मंडळाने एसी बसवला. दिवसा चालू, रात्री बंद. थंड झालेल्या काचेवर संध्याकाळची दमट हवा बसते आणि दव धरतं. रात्री आर्द्रता ८२ टक्के दिसली. मंडळाला भाऊ दाजी लाड संग्रहालयासारखा थाट हवा. अरे, १८७२ मध्ये उघडलेली ती इमारत मुळात संग्रहालय म्हणूनच बांधली; आपलं घर माणसांना राहायला बांधलेलं, वाऱ्यावर जगणारं.

फ्रेमवाला म्हणतो, पाण्यात बुडवा, सुटेल. कधी सुटतोही. पण याच्यावर हाताने रंग भरलाय, खालच्या पट्टीवर शाईने नावं आहेत; ती आधी जातील. तात्या म्हणाले, उन्हात ठेवा. तात्यांना नमस्कार केला आणि फोटो आतल्या खोलीत नेला.

हातोडी न लावता पकडीने खिळे काढले, मागचा हार्डबोर्ड काढून टाकला. फोटो काचेवरच राहू दिलाय, आडवा. काचेसकट स्कॅन केला. चिकटलेले भाग ओल्या डागांसारखे काळपट दिसतात. आता पंखा आणि डिह्युमिडिफायर (हवेतला दमटपणा ओढणारं यंत्र) चोवीस तास, टाकी दिवसातून दोनदा रिकामी करतो. आर्द्रता ५५ टक्क्यांवर आणायचीय, पण हळूहळू. घाई केली तर कागद आकसेल, चिकटलेला भाग हलणार नाही आणि कडेने इमल्शन, म्हणजे चित्राचा वरचा थर, तडकेल. पुढचं काम फोटो-संवर्धकाचं, मी हात लावणार नाही.

बाकीच्या १४ तसबिरींपैकी ११ बिनमाउंटच्या आहेत. एकेक उतरवतोय. परत टांगताना मागे बुचाचे तुकडे लावणार, भिंत आणि फ्रेम यांत बोटभर हवा राहील असे. पश्चिमेची भिंत मात्र कायमची मोकळी.

खरी झोप उडालीय ती पट्टीमुळे. डावीकडची चार नावं नेमकी चिकटलेल्या भागात आहेत, स्कॅनमध्ये वाचता येत नाहीत. नोंदवही काढली, तर तात्यांच्या मोत्यासारख्या अक्षरात एवढंच: 'ग्रुप फोटो, जुना, चौकटीसह.' आधी नोंद की आधी मांडणी, यावरून आपण दोन महिने बोलत नव्हतो, आठवतं? मांडणीची बाजू माझी होती.

लेकीचं बारावीचं झालं ना? तिचं अभिनंदन सांग. वहिनींना नमस्कार. घराचं रंगकाम उरकलं असेल एव्हाना.

तू तेव्हा त्या पट्टीची झेरॉक्स काढली होतीस. माळ्यावरच्या ट्रंकेत बघ, निळ्या फायलीत असेल. सापडली तर पोस्टाने पाठवू नकोस, पाऊस आहे. आधी मोबाइलवर फोटो टाक; मी येऊन घेऊन जाईन.

तुझाच,
माउंट न घालणारा