रॉथकोचा काळा आणि आपला काळा

चि. सायली,
अनेक आशीर्वाद. काल फोनवर तू विचारलंस की बाबा, त्या चित्रकार मार्क रॉथकोच्या चित्रांचं प्रार्थनागृह, ते रॉथको चॅपल, खरंच आवडलं का नुसतं माझं मन राखायला हो म्हणालात, आणि तेवढ्यात आईने फोन ओढून घेऊन लोणच्याचा विषय काढला, मग ते राहूनच गेलं. म्हणून लिहून पाठवतोय, सवडीने वाच.

खरं सांगू का, आत गेल्या गेल्या मला वैतागच आला. ह्यूस्टनच्या त्या उन्हातून आत शिरलो तर आधी काही दिसेचना, आणि दिसायला लागलं तर आठ भिंती आणि त्यावर चौदा अवाढव्य काळपट कॅनव्हास, ना चेहरा ना झाड ना साधी रेघ. आई कानात म्हणते, "अहो, चित्रं लावायची राहिलीत का अजून?" मला हसू आवरेना आणि तिथला माणूस आमच्याकडे बघायला लागला. त्यात तू गाडीत सांगून ठेवलेलं की इथे लोक रडतात. रॉथकोला म्हणे तेच हवं असायचं, चित्रापुढे माणूस रडला की त्याला वाटायचं आपलं म्हणणं पोचलं. त्यामुळे मी बाकावर बसून रडू येतंय का याची वाट बघत बसलो. आलं नाही. असं आधी सांगून ठेवत जाऊ नकोस कुणाला, माणूस चित्र सोडून स्वतःकडेच बघत बसतो.

मग धंद्याची खोड जागी झाली. तुला माहितीये उभा जन्म सोलापुरात डायिंगमध्ये गेला, आणि काळा म्हणजे सगळ्यात छळणारा शेड. पार्टी सरळ म्हणते काळा द्या, पण कुठला काळा बाबा, एकाला लाल झाक, एकाला निळी, एकाला हिरवट, आणि आत ट्यूबलाइटखाली तंतोतंत जुळलेली लच्छी बाहेर उन्हात धरली की भलतीच दिसते, म्हणून अंगणात नेऊन बघितल्याशिवाय मी कधी शेड पास केला नाही. तर त्या सवयीने बघायला लागलो आणि लक्षात आलं की हे सगळं काळं नाहीच. सात कॅनव्हासवर मरून रंगाच्या जमिनीवर काळा आयत आहे, कड एकदम धारदार, आणि उरलेले सात जांभळ्यातले, त्यात आयत वगैरे काही नाही. उजेड वरून छतातून येतो. मध्येच ढग सरकला असावा, कारण समोरच्या भिंतीवरचा जांभळा हळूहळू वर आला, त्यात लाल दिसायला लागलं, ब्रशचे फटकारे दिसायला लागले, आणि बाजूचा काळा मात्र जागचा हलला नाही. थोड्या वेळाने सगळं परत विझलं. त्यानंतर मात्र मला उठावंसं वाटेना आणि नीट बसवेना पण, छातीवर काहीतरी ठेवल्यासारखं. त्याला दुःख म्हणू नकोस. कुणाची आठवण नाही आली, देव नाही आठवला, काहीच नाही. नुसतं बघणं चालू होतं. असं माझं फार क्वचित होतं, माझ्या डोक्यात कायम हिशोब चालू असतो.

आणि एक तुझं मला पटलं नाही. त्याने आत्महत्या केली म्हणून चित्रं इतकी काळी, असं तू म्हणालीस. अगं, ही चित्रं १९६४ ते ६७ मधली, तो गेला फेब्रुवारी १९७० मध्ये, मधल्या काळातही रंगवत होताच की. माणूस कसा गेला ते त्याच्या रंगात मागाहून कालवायचं हे बरोबर नाही.

मला भिडलं ते वेगळंच. घरी आल्यावर तुझं ते पुस्तक चाळलं, त्यात आहे की न्यूयॉर्कच्या स्टुडिओत त्याने चॅपलसारख्या भिंती उभ्या करून घेतल्या आणि छताच्या काचेखाली चक्क पॅराशूट ताणून उजेड हवा तेवढाच येईल असं केलं. म्हणजे शेड पास केला न्यूयॉर्कच्या गाळलेल्या उजेडात आणि माल लागला टेक्सासच्या उन्हाखाली! १९७१ ला चॅपल उघडलं तेव्हा तो नव्हता, चित्रं तिथे लागलेली त्याने बघितलीच नाहीत. पुढे कितीतरी वर्षं लोक त्या उजेडाशी झगडत राहिले, कधी कापड लाव, कधी आडोसा कर, २०२० मध्ये नवीन स्कायलाइट बसवला. हे वाचून मला जे वाटलं ना ते तिथे बसून पण वाटलं नव्हतं, रंगवाल्यालाच कळेल ते.

गायतोंडे पण बघ. आपल्या गिरगावातला चित्रकार, जेजे स्कूल ऑफ आर्टचा माणूस, तो त्याच १९६४ ला रॉकफेलर फेलोशिपवर न्यूयॉर्कला होता, म्हणजे इकडे रॉथको हे पॅनल हातात घेत होता तेव्हा तो त्याच शहरात. मुंबईला म्युझियममध्ये गायतोंडेंचं चित्र आहे, पुढच्या खेपेला तुला दाखवतो, रोलर आणि पॅलेट नाइफने केलेलं काम जवळून बघण्यासारखं असतं. तिथे छातीवर काही बसत नाही, उलट मोकळं वाटतं. मला विचारशील तर गायतोंडे जास्त आवडतो, पण विसरता येत नाही तो रॉथको.

आईला विचारलं तर तिचं मत कायम आहे, तिला बाहेर पाण्यातलं बार्नेट न्यूमनचं शिल्प, ते उलटं टेकवलेलं ओबेलिस्क, म्हणजे टोकदार स्तंभ, तेच आवडलं, "निदान कुणीतरी मेहनत केलेली दिसते" म्हणे. आता तुमच्याकडे पावसाळी हवा असेल तेव्हा एकदा एकटी जाऊन बस आणि जांभळ्यात लाल येतो का निळा ते मला कळव, आम्ही गेलो तेव्हा ऊन फार होतं.

तुझा,
बाबा