निधनवार्तेतली एक ओळ, दोन नोकऱ्यांची कागदपत्रे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या ठाणे-नवी मुंबईच्या पानावर ‘माजी सैनिक व निवृत्त बँक कर्मचारी’ अशी निधनवार्ता वरचेवर येते. पुढे ‘पश्चात पत्नी, मुले, सुना, नातवंडे असा परिवार आहे’ आणि वार्ता संपते. त्या ओळीत दोन अख्ख्या नोकऱ्या असतात. घरच्यांना त्यातली दुसरी ठाऊक असते. पहिलीची कागदपत्रे शोधायला सुरुवात होते ती दिवसकार्य आटोपल्यावर, आणि तोवर ज्यांना विचारायचे ते माणूसच नसते. म्हणून घरात असे आजोबा असतील त्या कुटुंबांसाठी हे पत्र.

सैन्यात जवानाला निवृत्तिवेतनासाठी किमान १५ वर्षे सेवा लागते. सातारा, सांगली, कोल्हापूर, कोकणातून अठराव्या-विसाव्या वर्षी भरती झालेला गडी पस्तिशी-चाळिशीत परत येतो. सरकारी बँकांत लिपिक संवर्गात १४.५ टक्के आणि चतुर्थ श्रेणीत २४.५ टक्के जागा माजी सैनिकांसाठी राखीव असतात. १९६९ आणि १९८० च्या राष्ट्रीयीकरणानंतर खेडोपाडी शाखा निघाल्या, तेव्हा मुरबाड, शहापूरसारख्या गावांतल्या कॅश काउंटरवर अशी माणसे बसली. शंभर नोटांचे पाकीट, दहा पाकिटांचे बंडल, प्रत्येक पाकिटाच्या पट्टीवर मोजणाऱ्याची सही. एक नोट कमी निघाली तर ती त्याच्या खिशातून. मृगाआधी पीककर्जाची गर्दी, एकात्मिक ग्रामीण विकास योजनेतल्या म्हशींची कर्जे, आणि सहामाहीला लेजरचा ताळा जुळेपर्यंत रात्रीची बैठक. आधी सीमेवर आणि मग बाहेरगावच्या शाखेत राहिल्याने स्वतःच्या मुलांचे बालपण हातून निसटलेले असते. नातवंडांवर जीव एवढा का जडतो, याचे कारण आम्हाला त्यातच दिसते.

आता कामाचे. पहिला कागद म्हणजे डिस्चार्ज बुक, म्हणजे सैन्यातून निवृत्त होताना मिळालेले सेवापुस्तक. त्यात सेवा क्रमांक, हुद्दा, पलटण, भरती व निवृत्तीच्या तारखा आणि कुटुंबाची नोंद असते. ते सापडत नसेल तर पदकांची पेटी उघडा. संग्राम पदक असो, १९७१ चा पश्चिमी स्टार असो, बहुतेक पदकांच्या कडेवर किंवा मागे क्रमांक आणि नाव कोरलेले असते. क्रमांक मिळाला की पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहिता येते: मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावला, तोफखान्याचे नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचे खडकीला, महार रेजिमेंटचे सागरला, सिग्नल्सचे जबलपूरला. अर्ज ठाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवलेला बरा.

दुसरा कागद पीपीओ, म्हणजे निवृत्तिवेतनाचा आदेश. घोळ सर्वांत जास्त इथेच होतो, आणि तो पत्नीच्या नावाचा असतो. लग्नात नाव बदललेले, पलटणीत मात्र माहेरचे कळवलेले. कुठे ‘लक्ष्मी’, कुठे ‘लक्ष्मीबाई’. जन्मतारीख अंदाजाने १ जून. आधारवर तिसरेच काही. लष्कराची पेन्शन आता ‘स्पर्श’ या संगणक प्रणालीवरून येते, आणि तिथे नाव व जन्मतारीख जुळली नाही की कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज अडकतो. पती हयात असताना त्याच्याच सहीने दुरुस्तीचा अर्ज जातो. सोबत सहसा प्रतिज्ञापत्र, दोन वर्तमानपत्रांतली जाहिरात आणि आधार-पॅनच्या प्रती लागतात. तो गेल्यावर हेच काम सत्तरीपुढच्या बाईला, आपण तीच आहोत हे सिद्ध करत, एकटीने करावे लागते. आमच्या मते या पत्रातली सर्वांत निकडीची गोष्ट हीच: आजोबांच्या पीपीओवरचे आजीचे नाव या आठवड्यात वाचून पाहा.

तिसरा कागद बँकेचा पीपीओ. बँकांच्या विलीनीकरणात (२०१९ मध्ये देना आणि विजया, २०२० मध्ये सिंडिकेट, कॉर्पोरेशन, आंध्रा, अलाहाबाद वगैरे) जुन्या बँकांची नावे गेली. जुन्या पासबुकावर पेन्शन विभागाचा पत्ता शोधू नका. ज्या बँकेत विलीनीकरण झाले तिच्या शाखेत जुना कर्मचारी क्रमांक घेऊन जा. बँकेचे कुटुंब निवृत्तिवेतन पूर्वी १५, २० आणि ३० टक्के अशा टप्प्यांत आणि कमाल ९,२८४ रुपयांत अडकलेले होते. २०२१ मध्ये ते सरसकट ३० टक्के करण्याचा निर्णय झाला.

‘दोन पेन्शन विधवेला मिळत नाहीत, एक सोडा’ हा सल्ला अजूनही ऐकू येतो. तो जुना झाला. सैन्यानंतर सरकारी किंवा सार्वजनिक उपक्रमात नोकरी केलेल्याच्या पत्नीला २४ सप्टेंबर २०१२ पासून दोन्हीकडचे कुटुंब निवृत्तिवेतन घेता येते. त्याआधी एकच स्वीकारलेल्या आजीनेही रेकॉर्ड ऑफिसकडे अर्ज करावा.

मृत्यूनंतरचा क्रम असा. नोंद २१ दिवसांच्या आत, आणि दाखल्यावरचे नाव पीपीओ व आधारवरच्या नावाशी अक्षरशः जुळणारे. रुग्णालयात अर्ज भरताना कोणी तरी घाईत ‘अण्णा’ लिहितो आणि पुढे सहा महिने जातात. दाखल्याच्या सात-आठ मूळ प्रती घ्या. मग ‘स्पर्श’वर किंवा सेवा केंद्रात आणि बँकेत, दोन्हीकडे, कळवा. एका ठिकाणी कळवले म्हणजे दुसरीकडे कळत नाही. मधल्या काळात जमा झालेली पेन्शन एटीएममधून काढू नका. मृत्यूनंतरची रक्कम परत वसूल होते आणि त्या भानगडीत खातेच गोठते. ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या कार्डावरची आजीची नोंदही तेव्हाच बदलून घ्या, नाहीतर ऐन दुखण्यात कार्ड चालत नाही.

नातवंडांच्या नावाने ठेवलेल्या पैशांबद्दल आजोबांनाच सांगायचे आहे. पीपीएफ आणि सुकन्या समृद्धी खाते आई-वडील किंवा कायदेशीर पालकच उघडू शकतात. आजोबांनी पालक म्हणून उघडलेले सुकन्या खाते आई-वडिलांच्या नावे वळवून घ्यावे लागते. ठेवीला वारस (नॉमिनी) म्हणून नातू लावला असेल आणि तो अज्ञान असेल, तर त्याच्या वतीने रक्कम घेणाऱ्या सज्ञान व्यक्तीचे नाव तिथे हवे. तो रकाना रिकामा सोडण्याची सवय घातक आहे. कधी तिथे आधीच वारलेल्या भावाचे नाव निघते. नातू १८ वर्षांचा झाला की त्याची स्वतःची सही आणि केवायसी दिल्याशिवाय खाते चालत नाही.

१ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवींना चार जणांपर्यंत वारस लावता येतात, टक्केवारी ठरवून किंवा एकामागून एक. लॉकरला फक्त एकामागून एक. वारस म्हणजे मालक नव्हे. तो रक्कम ताब्यात घेतो, वाटणी मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने होते. तेव्हा थोरल्याचे नाव लावले म्हणून धाकट्याने रुसू नये आणि थोरल्याने निश्चिंत होऊ नये. मुदत ठेवीवर ‘दोघांपैकी कोणीही अथवा हयात’ असा शेरा आणि मृत्यूनंतर मुदतीआधी मोडण्याची संमती आधीच दोघांच्या सहीने देऊन ठेवा. वारस लावलेला असेल तर रिझर्व्ह बँकेच्या नव्या निर्देशांनुसार कागद पूर्ण मिळाल्यापासून १५ दिवसांत दावा निकाली काढायचा आहे. वारस नसेल तर सोपी पद्धत व्यापारी बँकेत १५ लाखांपर्यंत, सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंत. ठाण्यात सहकारी बँकांत ठेवी ठेवणारी घरे पुष्कळ, म्हणून हा फरक लक्षात ठेवावा. दहा वर्षे हात न लावलेले पैसे रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात. ‘उद्गम’ पोर्टलवर नाव टाकून ते शोधता येतात आणि कधीही परत मागता येतात.

नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी हे आजोबा तसेही बाहेर पडतात, ऐंशीपुढचे तर ऑक्टोबरपासूनच. नौपाडा, कोपरी, कळवा, वाशी, नेरूळच्या शाखाधिकाऱ्यांना विनंती, की त्या रांगेत एक टेबल पीपीओवरचे पत्नीचे नाव, वारस आणि संयुक्त खाते तपासण्यासाठी ठेवावे. ज्येष्ठ नागरिक संघांनी दोन निवृत्त कर्मचारी तिथे बसवावेत; माणसे मिळतील. आपल्या दैनिकाने ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात न्यायच्या कागदांची यादी छापली तर उपयोग होईल: दोन्ही पीपीओ, डिस्चार्ज बुक, पती-पत्नीची आधार व पॅन कार्डे, पासबुक, ठेव पावत्या.

आपले,
ठाणे परिसरातील काही निवृत्त बँक कर्मचारी